शाळेच्या गेटावर थांबताना : गोव्यातल्या पालकांसाठी आणि मदतीला जाणाऱ्या पालकांसाठी

डिचोली तालुक्यातल्या ज्या शाळेत माझी मुलं शिकली, तिच्या गेटावर बसणारा शिपाई माझ्या सासरच्या वाड्यावरचा. मला तो वहिनी म्हणतो. पालक-शिक्षक संघाच्या कामासाठी मी पहिल्यांदा शाळेत गेले तेव्हा त्याने रजिस्टर पुढे केलं आणि लगेच स्वतःच मागे ओढलं. "तुमचं नाव कशाला लिहायचं वहिनी, जा तुम्ही." मी गेले, आणि पुढची दोन वर्षं तशीच जात राहिले.

मग एका दुपारी, शाळा सुटायला अर्धा तास असताना, दुसरीतल्या एका मुलीला न्यायला तिचा मामा आला. आम्ही काही जणी व्हरांड्यात स्नेहसंमेलनाची तोरणं करत बसलो होतो. मामाला सगळेच ओळखत होते. शिपायाने गेट उघडलं, आमच्यातली एक जण उठून मुलीला वर्गातून बोलवायलाही निघाली. वर्गशिक्षिका मात्र म्हणाल्या, "एक मिनिट, आईला फोन करते." आईने मामाला पाठवलंच नव्हतं. घरात काही वाद चालू होता, तो त्या घराचा, इथे सांगण्यासारखा नाही. पण आईचा फोनवरचा आवाज आम्ही व्हरांड्यातून ऐकला, आणि हातातली तोरणं तशीच राहिली. ज्या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून आत घेतलं होतं तो अनोळखी नव्हता. ओळखीचा होता म्हणूनच आत आला होता.

लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची जी प्रकरणं पोलिसांत नोंद होतात, त्यांतल्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीतला असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं हेच दाखवत आले आहेत. आपल्या गोव्यात तर गावची शाळा म्हणजे सगळी ओळखीचीच माणसं. शिक्षिका कोणाची तरी नणंद, बालरथाचा, म्हणजे शाळेच्या बसचा, चालक कोणाचा तरी भाचा, माध्यान्ह आहार आणणाऱ्या बचत गटातल्या बाया आपल्याच वाड्यावरच्या. म्हणून शाळेचे नियम परक्यासाठी आणि आपल्याला सूट, असं इथे चालत नाही. ते आधी तुमच्या-माझ्यासाठी आहेत. पालक-शिक्षक संघात काम करताना हे मला फार उशिरा समजलं. तुम्हाला लवकर समजावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

घरून निघण्याआधी

शाळेत जायचं असेल तर आधी फोन करा. कोणाला भेटायचं, कशासाठी, किती वेळ, हे सांगा आणि वेळ मागून घ्या. तास चालू असताना वर्गाच्या दारात उभं राहून "बाई, दोनच मिनिटं" म्हणणारे पालक बाईंची दोन मिनिटं घेतात, आणि त्या दोन मिनिटांत पस्तीस मुलं कोणाच्या नजरेत नसतात.

स्वतःचं ओळखपत्र जवळ ठेवा. ताप, डोळे आलेले, गालगुंड, अंगावर पुरळ असं काही असेल तर मदतीचा दिवस रद्द करा. शाळेला आदल्या रात्री कळवलं तर शाळा दुसरी व्यवस्था करू शकते. विडी-सिगारेट, तंबाखूची पुडी, काडेपेटी, सुरी असलं काही खिशात किंवा पिशवीत नको. तंबाखू नियंत्रणाच्या २००३ च्या कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायलाच बंदी आहे. मग आपण पालकांनी ती शाळेत घेऊन जावी का? आणि आदल्या रात्रीच्या लग्नाची धुंदी पुरती उतरली नसेल तर त्या दिवशी शाळेची पायरी चढू नका. सांगायला अवघड वाटतं, पण हे सांगावं लागलेलं आहे.

डबा, छत्री, वही विसरली असेल तर ती गेटावर किंवा कार्यालयात द्या. त्यासाठी वर्गापर्यंत जायची गरज नाही.

गेटावर

दुचाकी गेटाच्या आत नेऊ नका, चारचाकी तर नाहीच. आपल्याकडे शाळेसमोरचा रस्ता बहुधा एका गाडीपुरता, एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला पावसात भरलेलं गटार. सकाळी आठच्या आधीची दहा मिनिटं आणि सुटायच्या वेळची दहा मिनिटं या दोन वेळांना शाळेत सगळ्यात मोठा धोका गाड्यांचा असतो. गाडी मागे घेताना पाठीमागे तीन फुटांचं मूल दिसत नाही. म्हणून गाडी गेटापासून थोडी लांब, पुढे तोंड करून लावा आणि मुलाला हात धरून चालत आणा. बालरथ उभा असताना त्याच्या पुढून किंवा मागून मुलाला एकटं पळू देऊ नका. आणि हेल्मेट. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते कायद्याने लागतं, मागे बसलेल्या मुलालाही. दोन किलोमीटरचंच अंतर आहे, हे कारण मी स्वतःही दिलेलं आहे, आणि ते कारण नव्हे.

मग रजिस्टर. नाव, कोणाला भेटायचं, कशासाठी, फोन नंबर, आत गेल्याची वेळ, सही. त्यानंतर गळ्यात घालायचा पास. बाहेर पडताना पास परत आणि बाहेर पडल्याची वेळ. ही शेवटची नोंद जवळजवळ सगळेच विसरतात, आणि तिचंच काम मोठं. समजा आग लागली, किंवा पावसात भिंत कोसळली, तर मुख्याध्यापिका ते रजिस्टर हातात घेऊन मैदानात माणसं मोजतात. तुम्ही दहा वाजता आत गेलात, अकराला कोणाला न सांगता निघून गेलात, तर तुम्हाला शोधायला कोणीतरी परत आत जाईल.

आणखी एक. आपण आत जात असताना मागून कोणी आला तर त्याच्यासाठी गेट धरून उभं राहायची आपली सवय आहे, ती चांगलीच सवय आहे. शाळेच्या गेटावर मात्र ती सोडा. "तुमची नोंद तिथे करा हं," एवढं म्हटलं की पुरे. शिपायाला यात सर्वाधिक मदत लागते, कारण त्याला पंचाला, देवळाच्या कमिटीवरल्या माणसाला किंवा वहिनीला "सही करा" म्हणायचं धैर्य होत नाही. आपण न सांगता सही केली की दुसऱ्याकडे सही मागणं त्याला सोपं जातं.

आत गेल्यावर

आधी कार्यालयात जा. तिथून तुम्हाला जिथे पाठवतील तिथेच जा आणि काम झालं की परत कार्यालयातूनच बाहेर पडा. आपल्या मुलाच्या वर्गात डोकावण्याचा मोह मलाही होतो. पण तुम्ही डोकावलात की तुमचं मूल उठतं, शेजारचं रुसतं, आणि ज्याची आई कधीच येऊ शकत नाही त्याचं तोंड तुम्ही पाहिलं नसलं तरी बाईंनी पाहिलेलं असतं.

दुसऱ्याच्या मुलाशी भांडण काढायला शाळेत जाऊ नका. माझ्या पाहण्यातला सगळ्यात वारंवार मोडला जाणारा नियम हाच. "माझ्या मुलाला मारणारा तो कोण, जरा दाखव" म्हणून एखादा बाप मधल्या सुट्टीत मैदानात येतो, आणि आठ वर्षांच्या पोरासमोर चाळिशीचा पुरुष उभा राहतो. त्या पोराला तो प्रसंग जन्मभर आठवतो. तक्रार वर्गशिक्षिकेकडे, तिथे समाधान झालं नाही तर मुख्याध्यापकांकडे, तिथेही नाही तर पालक-शिक्षक संघाकडे किंवा शिक्षण खात्याच्या तालुका कार्यालयात, लेखी. शाळेत मुलाला मारणं किंवा मानसिक छळ करणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शिक्षकांनाही बंद केलं आहे, आणि आपल्या राज्याच्या गोवा बाल कायदा, २००३ नेही शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी घातली आहे. शिक्षकाला जे करता येत नाही ते मदतीला आलेल्या पालकाला कसं करता येईल? कान धरणं, कोपऱ्यात उभं करणं, "काळतोंड्या" म्हणणं, यातलं काहीच करायचं नाही. मूल ऐकत नसेल तर बाईंना सांगा आणि बाजूला व्हा.

मुलांचं स्वच्छतागृह मोठ्यांनी वापरायचं नाही. कितीही घाई असली तरी नाही. कर्मचाऱ्यांचं कुठे आहे ते आल्या आल्या विचारून ठेवा.

कुठल्याही एका मुलासोबत बंद खोलीत एकटं राहायचं नाही. वाचनात मदत करायची असेल तर दार उघडं ठेवा आणि व्हरांड्यातून दिसेल अशा जागी बसा. पडलेल्या मुलाला उचलावं लागतं, रडणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवावा लागतो, त्यात काही वावगं नाही. पण मूल स्वतः जवळ येत नसेल तर त्याला ओढून मांडीवर घेऊ नका, गालगुच्चे घेऊ नका, पापी मागू नका. बालवाडीतल्या मुलाने चड्डी ओली केली तर ती बदलायचं काम तिथल्या बाईंचं किंवा मदतनीसाचं. त्या हाक मारतील तेव्हाच हात लावा, आणि तेही त्या समोर असताना.

स्नेहसंमेलनाचा दिवस

हा दिवस वेगळा काढून सांगते, कारण वर्षभर पाळलेले नियम या एका संध्याकाळी विरून जातात. फुगडीला नऊवारी नेसवायची, घोडेमोडणीच्या पोरांना घोडे बांधायचे, गजरे, टिकल्या, पिना. वीस आया दोन वर्गांत मुलांचे कपडे बदलत असतात. दारं उघडी, खिडक्यांना पडदे नाहीत, आणि कोणाचा तरी भाऊ खिडकीतून "आमची तयार झाली काय?" म्हणून डोकावतो. मुली आक्रसून भिंतीला लागतात. आम्ही मोठ्या मात्र पिना शोधत असतो.

आम्ही असं केलं. मुलगे आणि मुली यांच्या खोल्या वेगळ्या. प्रत्येक खोलीला दोन आया नेमलेल्या, त्यांची नावं आदल्या दिवशी मुख्याध्यापिकांकडे दिलेली. खिडक्यांना चादरी. त्या खोलीत मोबाईल न्यायचा नाही, दाराबाहेर टेबलावर टोपलीत ठेवायचा, आयांनीसुद्धा. चौथीच्या वरच्या मुली स्वतः बदलतील, आपण फक्त निऱ्या आणि पिनांपुरतं. घरूनच आतले कपडे असे घालून पाठवायचे की वर नुसतं चढवता येईल. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, एका आईने मला स्पष्टच विचारलं, "आमच्यावर विश्वास नाही का?" मी तिला म्हटलं, तुझ्यावर आहे, पण तुझ्या मोबाईलमधला फोटो पुढे कुठल्या ग्रुपवर जाईल त्याच्यावर नाही. दुसऱ्या वर्षी तीच त्या टोपलीपाशी बसली.

मंडपाचंही बघा. बाहेर पडायच्या वाटेवर खुर्च्या लावायच्या नाहीत, आणि शाळेची सगळी गेटं कुलूप काढून उघडी ठेवायची. भजी-चहाचा गॅस मंडपापासून लांब, जनरेटर त्याहून लांब, आणि आग विझवण्याचं नळकांडं कुठे टांगलं आहे आणि त्याची मुदत संपली आहे की नाही ते एका माणसाने आदल्या दिवशी बघून ठेवायचं. तामिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्या आगीनंतरच सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशभरच्या शाळांना आगीपासूनच्या सुरक्षिततेचे आदेश दिले. आपल्याकडे स्नेहसंमेलनाचा मंडप आजही झावळ्या आणि कापडाचा असतो, म्हणून हे लिहिलं.

फोटो

स्वतःच्या मुलाचा फोटो काढा, पण शेजारी दुसऱ्याचं मूल आलं असेल तर तो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी त्याच्या आईवडिलांना विचारा. शाळेचं नाव, गणवेश, वर्ग, घरी जायची वेळ या गोष्टी एकाच पोस्टमध्ये आल्या की अनोळखी माणसाला मुलाचा पत्ताच मिळतो. काही मुलांचे फोटो कुठेच जाऊ नयेत अशी घरची परिस्थिती असते, आणि ती कारणं शाळा तुम्हाला सांगणार नाही, सांगूही नये. शाळेनेच एक माणूस फोटोला नेमावा आणि बाकीच्यांनी खिशात हात ठेवून नाच बघावा, हे मला सगळ्यात बरं वाटतं.

मुलाला न्यायला कोण येणार

वर्षाच्या सुरुवातीला शाळा एक कागद भरून घेते, त्यावर मुलाला नेऊ शकणाऱ्यांची नावं असतात. तो कागद घाईत भरू नका. आजी, काका, शेजारीण, रिक्षावाला, ज्यांना खरंच पाठवाल त्यांचीच नावं आणि फोन नंबर. वर्षभरात घरात काही बदललं, वेगळं झालात, वाद झाला, कोर्टाचा आदेश आला, तर तो बदल मुख्याध्यापकांना त्याच दिवशी लेखी कळवा. लाज वाटते, मला कळतं. पण शाळेला माहीत नसेल तर शाळा मुलाला कोणाच्याही हाती देऊ शकते.

वेगळा माणूस पाठवायचा असेल तर फोन तुम्ही करा, त्या माणसाने नव्हे. आणि शाळेने उलट तुमच्या नोंदलेल्या नंबरावर फोन केला तर रागवू नका. काही घरांत मूल आणि आई यांच्यात एक परवलीचा शब्द ठरलेला असतो, "आज्जीच्या मांजराचं नाव काय?" यासारखा. न्यायला आलेल्याला तो शब्द माहीत नसेल तर मूल जात नाही. साधी युक्ती आहे आणि पाच वर्षांच्या मुलालाही समजते.

शेजाऱ्याच्या मुलाला "चल, मी तुझ्याच वाड्यावर जातोय" म्हणून गाडीवर घेऊ नका. मी हे केलेलं आहे. ते मूल सुखरूप घरी पोचलं, पण त्याची आजी अर्धा तास गेटावर उभी होती.

खाणं

वाढदिवसाची चॉकलेटं, सत्यनारायणाचा प्रसाद, चवथीच्या नेवऱ्या वर्गात वाटायच्या असतील तर आधी बाईंना विचारा. कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोणाला काजू, आणि आपल्याकडे सुक्या सुंगटांच्या नुसत्या वासाने पुरळ उठणारं मूलही मी पाहिलं आहे. मदतीला गेलात आणि एखादं मूल डोकं दुखतंय म्हणालं तर तुमच्या पर्समधली गोळी देऊ नका, साधी तापाचीही नको.

स्वयंपाकात हात लावायचा असेल तर भांडी शाळेची किंवा बचत गटाची वापरा. घरच्या रिकाम्या डब्यातून तेल, तूप, पीठ आणायचं नाही. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये माध्यान्ह आहारातल्या तेलात कीटकनाशक मिसळलं आणि २३ मुलं दगावली. हात धुणं, केस बांधणं, सर्दी असेल तर पातेल्यापासून लांब राहणं हे तुम्हाला सांगायला नको. गरम आमटीचं पातेलं मुलांच्या रांगेतून उचलून नेऊ नका, रांग थांबवा. भाजलंच तर नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको.

श्रमदान

शाळा सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात पालक मिळून गवत कापतात, कौलं बघतात, गटारं मोकळी करतात. चांगली रीत आहे. मुलांना मात्र त्या दिवशी घरी ठेवा. पावसाच्या तोंडावर चिऱ्यांच्या ढिगात, पाचोळ्यात आणि बंद खोल्यांत सरपटणारी जनावरं असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चारही विषारी जनावरं गोव्यात आहेत. पायात गमबूट, हातात मोजे, आणि पाचोळ्यात हात घालण्याआधी काठी. कोणाला चावलंच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरी करकचून बांधायची नाही. माणसाला निजवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि थेट इस्पितळात न्या. गावठी औषधवाल्याकडे जाण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. काम संपल्यावर कोयते, फावडी, तणनाशकाची बाटली मोजून परत न्या. आमच्याकडे एकदा कोयता चौथीच्या वर्गामागे राहिला होता, आणि तो मुलांनीच आणून दिला.

सहल

सहलीला सोबत जाणारा पालक फिरायला जात नाही, हे मनाशी ठरवूनच जा. आमच्या संघाने दहा मुलांमागे एक मोठं माणूस असं ठरवलं आहे. ज्या गटाची जबाबदारी तुमची, त्याची यादी खिशात, आणि चढताना, उतरताना, जेवणानंतर अशी दर वेळी मोजणी. आपलं स्वतःचं मूल दुसऱ्याच्या गटात द्या, नाहीतर सगळी नजर त्याच्यावरच राहते.

पाणी हा गोव्यातल्या सहलीचा खरा धोका. समुद्रावर गेलात तर जीवरक्षक असलेल्या भागातच थांबा. लाल-पिवळे झेंडे लावलेल्या पट्ट्यात जीवरक्षकांचं लक्ष असतं, नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही. पावसाळ्यात धबधबा, नदी आणि पाण्याने भरलेली चिरेखाण यांच्या जवळही नाही. चिरेखाणीचे काठ सरळ कापलेले असतात, पाय घसरला की धरायला काहीच नसतं.

मूल तुम्हाला काही सांगतं तेव्हा

तुम्ही वाचनाच्या तासाला मदतीला जाता, आणि एक दिवस एक मूल हळूच म्हणतं, "काकी, एक सांगू? कोणाला सांगायचं नाही." ही वेळ तुमच्यावर कदाचित कधीच येणार नाही. आलीच तर तयारी हवी.

"नाही सांगणार" असं वचन देऊ नका. "तुला मदत करू शकेल अशा माणसालाच सांगेन," एवढंच म्हणा. मग ऐका. मुलाला जे शब्द येतात त्याच शब्दांत बोलू द्या. "त्याने इथे हात लावला का?" असं स्वतःहून सुचवू नका. खोदून खोदून विचारू नका, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, "तू आधी का नाही सांगितलंस" तर अजिबात नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही," हे मात्र नक्की म्हणा. त्यानंतर मुलाचे शब्द, तारीख आणि वेळ कागदावर लिहून ठेवा.

ज्याचं नाव आलं त्याला जाऊन विचारू नका. मुलाच्या वाड्यावर, व्हॉट्सॲपवर, नवऱ्याशीसुद्धा चर्चा नको. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. आणि इथे एक गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते. मुलांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा जो कायदा, ज्याला आपण पॉक्सो म्हणतो, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याचं कळलेल्या कोणत्याही माणसाने पोलिसांना कळवायचंच आहे. मुख्याध्यापकांना सांगून तुमची जबाबदारी संपत नाही. कळून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. उलट चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही, तेही त्याच कलमात आहे. शाळा म्हणाली "आपल्यातच मिटवू, शाळेचं नाव खराब होईल," तर तुम्ही सरळ पोलीस स्थानकात जा किंवा १०९८ या बाल मदत क्रमांकावर फोन करा, तो दिवसरात्र चालतो. तातडीचं असेल तर ११२.

पोलिसांत गेलं की मुलाचे हाल होतील, या भीतीने पुष्कळ लोक थांबतात. म्हणून कायद्यात काय आहे ते सांगते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवं तिथे घ्यायचा. शक्यतो महिला अधिकाऱ्याने, उपनिरीक्षकाच्या खालच्या दर्जाची नको. त्या वेळी पोलिसांचा गणवेश नको. मुलाला रात्री पोलीस स्थानकात ठेवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. मुलाचं नाव, घर, शाळा, फोटो प्रसारमाध्यमांतून उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि गोव्यात या प्रकरणांसाठी गोवा बाल कायद्याखाली बाल न्यायालय आहे.

ज्या मुलाने सांगितलं, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं वागा. त्याला तेच हवं असतं.

पालक-शिक्षक संघाने काय करावं

संघाच्या पहिल्या सभेत, खुर्च्या भरलेल्या असतानाच, हे तीन ठराव घ्या. मदतीला येणाऱ्या प्रत्येक पालकाने एक अर्ज भरायचा, त्यात पत्ता, फोन, ओळखपत्राची प्रत, कुठल्या कामासाठी यायचं आहे, आणि आपल्याविरुद्ध मुलांबाबतचा गुन्हा नोंद नाही असं लिहून सही. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनी मुलांच्या संपर्कातल्या शाळेच्या कर्मचाऱ्यांची, कंत्राटी असले तरी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी सांगितली आहे. नियमित येणाऱ्या पालकांना तोच न्याय लावा, आणि तो अध्यक्षांपासून लावा. दुसरा ठराव, नवीन मदतनीसाने पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांसोबत अर्धा तास बसायचं आणि शाळा फिरून बघायची. बाहेर पडायच्या वाटा, जमायचं मैदान, प्रथमोपचाराची पेटी, विजेचा मुख्य खटका. तिसरा, रजिस्टरमधून कोणालाच सूट नाही. आमदार आले तरी, पंच आले तरी.

गेटाजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात चार क्रमांक रंगवून घ्या. पोलीस आणि तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, बाल मदत क्रमांक १०९८. त्याखाली जवळच्या आरोग्य केंद्राचा. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर रंगवा, आपल्या नव्हे. आमच्या शाळेत रंगाचं काम सातवीच्या मुलांनीच केलं, आणि शिपायाने त्या दिवसापासून रजिस्टर खिडकीतून काढून गेटासमोरच्या टेबलावर ठेवलं. पेन दोरीने बांधलेलं असतं. मी गेले की तो अजूनही वहिनी म्हणतो, आणि पेन पुढे करतो.